चाचणी खड्डा क्रमांक चार

वासुदेव भोयरांच्या शेतात, धुऱ्यापासून अकरा पावलं,
खुंट्या ठोकल्या, सुतळी ताणली. दोन मीटर बाय दोन.
पऱ्हाटी नुकतीच उपटलेली,
राहिलेली मुळं कापण्यात पहिला अर्धा दिवस गेला.

वर माळावर दगडांची वर्तुळं आहेत,
म्हणजे इथं खाली राहत असणार कुणीतरी.
मेलेल्यांची वस्ती लवकर सापडते,
जित्यांची शोधावी लागते.
कालव्याची आखणी याच गटातून.
मला आठ खड्डे दिलेत आणि बावीस दिवस.

पहिला थर: काळी माती, थापीला सोडत नाही.
तिच्यात बिडीबंडलाचा कागद, ट्रॅक्टरचा नट,
हिरव्या काचेची बांगडी, अर्धी.
सायत्राबाई कुमरेनं ती मनगटाला लावून पाहिली,
"माह्याच मापाची हाय," म्हणाली, आणि पाटीत टाकली.
दुसरा थर: काळीच माती.
तिसरा: चुनखडीचे खडे, चाळणीत दातांसारखे वाजणारे.
मग पिवळा मुरूम. त्याच्याखाली
कुणाचंच काही नसतं.

वहीत लिहिलं, निरंक.
काठावर उकिडवे बसलेले भोयर म्हणाले,
"म्हंजे इथं कोणीच नोतं?"
त्यांच्या घरी जेवायला नाही म्हटल्यासारखा
आवाज पडला त्यांचा.

सायत्राबाई घमेलं पालथं करून टेकली.
"आमी मिरची तोडाले जातो तेलंगणात,
तीन महिने ऱ्हातो. निंघताना झाडून निंघतो.
चुलीचे गोटेबी ढकलून देतो.
तिथं खोदून पाहा, काय भेटंल तुमाले?"

रकान्यात आणखी काही लिहायला जागा नव्हती.

बुजवण्याआधी तळाशी नाणं ठेवायचं असतं
यंदाच्या सालाचं,
पुढं कुणी खणलंच तर कळावं, इथं आधी येऊन गेलंय कुणी.
"रुपया गेला वाया," सायत्राबाई.
काढलेली माती परत तेवढ्यात मावत नाही.
उंचवटा राहिला. भोयर त्यावर
चपला काढून दोनदा फिरले.

कालवा त्या वर्षी आलाच नाही.
नोव्हेंबरात फोन:
"मॅडम, तूर सारी छातीएवढी,
पण तुमच्या खड्ड्यावर डोक्याच्या वर गेली.
चौकोन दिसून राहिला बराबर. दोन बाय दोन.
अन् हे सायत्रा हासून राहिली इथं,
रुपया उगवला म्हंते."

पुढच्या महिन्यात ती मिरचीला जाईल.