गिरणीचा जी

बारा हजार नऊशे. चिठ्ठी दोऱ्यानं बांधलेली,
आणि दोरा जिथं बांधलाय ती खुंटी,
तिसऱ्या तारेची, आधीच सैल.
"चायना आहे, पण चांगली चायना," ऑस्बर्ट म्हणतो.
माहीमच्या बोळातलं दुकान, दोन माणसांत भरणारं.
गिटार माझ्या मांडीवर देऊन तो काउंटरवर चढून बसतो.

मी आधी वाजवत नाही.
पालथी करते, मानेच्या कडेनं अंगठा फिरवते.
फ्रेटची टोकं बोचतात, बाराव्यापाशी जास्त.
कानस मारली की जाईल. कानस माझ्याकडे आहे.
मग पिकअप. दोन. निकेलची झाकणं,
नेहमीच्या हंबकरच्या निम्म्या रुंदीची,
काडेपेटी उभी चिरावी तशी.

आत काय असेल ते मला न उघडता दिसतं.
बावीस वर्षं मी मोटरी भरते, असल्फ्याला.
पंप, पंखे, मिक्सर, एकदा लिफ्टची.
पण ही तार बेचाळीस गेजची,
श्वास जोरात सोडला तरी तुटेल अशी.
दोन वेटोळी, एक उलट भरलेलं;
बाहेरची भुणभुण दोन्हीत शिरते आणि आपसांत कापली जाते.
चुंबकही उलट, म्हणून तारेचा आवाज तेवढा वाचतो.
इथं कुणीही नवरा-बायकोचं काहीतरी म्हणेल.
मला फक्त फेऱ्या मोजाव्याशा वाटतात.

"ऑस्बर्ट, ट्यूबलाइट लावा. ती जुनी, चोकवाली.
टेबलफॅन पण. आणि शेजारच्या ज्यूसवाल्याला सांगा
मिक्सर दोन मिनिटं चालू ठेव."
तो बघत राहतो. गिटार घ्यायला येणारे
दुकान शांत करायला सांगतात.

कारण असं:
माझ्या खोलीखाली रामसजीवनची गिरणी.
साडेसात हॉर्सची मोटर, मागच्या दिवाळीत जळली.
मीच भरली ती. उधारीवर.
तेव्हापासून रोज संध्याकाळी
माझ्या जुन्या सिंगल कॉइलमधून
माझंच काम मला ऐकू येतं.
तारेवर हात ठेवला की जरा दबतं,
उचलला की पुन्हा, बाजरी दळत.

स्विच मधे. व्हॉल्यूम पूर्ण.
ट्यूब फडफडते, पंखा कुरकुरतो, भिंतीपलीकडे चिकू किंचाळतो
आणि अँपमधून
काही नाही.
म्हणजे थोडं शूं आहे, ते असतंच.
मग मी जाड तार ओढते.

खडीसाखर दाताखाली फुटावी तसा पहिला क्षण,
नंतरचा सगळा गूळ.
पुलाकडच्या पिकअपवर जरा नाकातून बोलते,
मानेकडे आणली की सर्दी जाते.
टोनची कळ सातपर्यंत नुसतीच फिरते,
आठला दचकून जागी होते.
स्वस्त पॉट. बदलीन.

तीन कॉर्ड मला नीट येतात, चौथा नशिबावर.
तिसऱ्याला ऑस्बर्ट हात वर करतो.
"मॅडम, तुमची जी चढलीये."
मी सैल सोडते, पुन्हा कानानं लावते.
तो ट्यूनर चिमट्यासारखा गिटारच्या डोक्याला अडकवतो.
काटा उजवीकडे. पुन्हा लावते. पुन्हा उजवीकडे.
"दर वेळी तेवढीच! तेवढीच कशी?"

"सगळ्यात खालचा जी किती हर्ट्झ?"
मोबाइलवर शोधतो. "एकोणपन्नास."
वीज पन्नासनं धावते.
मला हसू येतं, मग येत नाही.
गेलं वर्षभर मी सूर लावला
तो जमिनीतून घेऊन. तळपायानं.

"गिरणीचा आहे," मी सांगते.
त्याला वाटतं, मी कुठल्यातरी कंपनीचं नाव घेतलं.

साडेअकराला तयार होतो, पट्टा फुकट.
ज्यूसवाला भिंतीवर थापा मारतो: बंद करू का?
पैसे मोजण्याआधी मी एकदा
काटा बरोबर मधे आणते. ऐकते.
बरोबर आहे.
परका आहे, पण बरोबर आहे.
मग ती सैल खुंटी
केसभर
वर.