काळीही

अकरा वाजत आले तरी रात्र पडायला तयार नाही.
जून आहे, बेट आहे, सारेमाचं आभाळ
ताकावरच्या निवळीसारखं.
कोंबड्यांना घड्याळ कळत नाही, उजेड कळतो,
आणि उजेड म्हणतो, अजून थोडं.

आई कुरेसारेच्या दवाखान्यात, कमरेत नवा खुबा घेऊन.
फोनवर तिसऱ्यांदा सांगते:
पळू नकोस त्यांच्यामागे. पळालीस की पळतात.
हात पसरू नकोस, तू काही ससाणा नाहीस.
डब्यात दाणे वाजव आणि पाठ फिरव.
पाठ फिरव म्हणजे?
म्हणजे गरज नाही असं दाखव.
तुला ते जमायला हवं.

मी डबा वाजवते. कॉफीचा जुना डबा,
झाकणावर कधीकाळी फूल होतं.
टिबू, टिबू, टिबू...
तीस वर्षांत हा शब्द तोंडात आला नव्हता.
दोघी तांबड्या मान वर करतात,
एका डोळ्यानं मला बघतात,
मग त्याच डोळ्यानं जमिनीला,
आणि ठरवतात, जमीन बरी.

कुंपणापलीकडे काल्यू, पाइप विझलेला.
परवा कोल्हा फिरत होता, म्हणतो,
हवामान सांगावं तसं.
मदतीला येत नाही. या बेटावर
न विचारता मदत करणं म्हणजे
भांडण उकरून काढणं.
मी विचारत नाही.

मग साडेअकराला, काहीच न घडता, घडतं.
थोरली करडी, जिचं एक बोट
गोठून गळलंय मागच्या हिवाळ्यात,
लंगडत फळी चढते. तिच्यामागे बाकीच्या,
लग्नातून उठलेल्या बायकांसारख्या,
दारात थांबत, काहीतरी आठवत,
परत फिरून एक दाणा टिपत.
एक आत जाते, दोन बाहेर येतात.
सात. नऊ. आठ.
काल्यू कधी गेला कळलं नाही.
अकरा.

फोन. झाल्या का बारा?
झाल्या, मी म्हणते.
तिकडे पलंग करकरतो. नर्स कुणाला तरी
हळू आवाजात रागावते.
मग आई: काळीही?
काळीही.
बरं, म्हणते, आणि ठेवते.

सॉनाच्या लाकडांमागे बघते. उपड्या होडीखाली.
सफरचंदाच्या प्रत्येक फांदीवर.
गुडघाभर खाजऱ्या पाल्यातून, पोटऱ्या भाजत.
टॉर्च लावावी इतका अंधार नाही,
काळं काही दिसावं इतका उजेड नाही.
दूर गवतात कुठलासा पक्षी
कंगव्याच्या दातांवरून नख फिरवत बसलाय,
थांबतच नाही.
उद्या काय सांगायचं ते मी जुळवू लागते.
कोल्ह्यावर ढकलता येईल. काल्यू साक्षीला आहेच.

शेडचं दार अर्धवट उघडं.
आत आईची सायकल, टायर बसलेले,
दोन वर्षं खुब्यानं तिला चढू दिलं नाही त्यावर.
हँडलवर काळी. बास्केट मोकळी सोडून
बरोबर हँडलच्या दांड्यावर, मान पिसांत.
खाली पसरलेला पेपर, चार कोपऱ्यांना चार दगड,
वर ताज्याशिळ्या विष्ठेचे थर.
तारीख वाचते. गेला गुरुवार,
ऑपरेशनच्या आदल्या दिवसाचा.

म्हणजे काळी कधीच आत जात नाही.
म्हणजे, काळीही? असं विचारताना आईला
उत्तर माहीत होतं,
आणि माझं उत्तर ऐकून
ती फक्त बरं म्हणाली.

मी बोटाच्या पाठीनं काळीच्या छातीला हात लावते.
ऊब. आत एक बारीक, घाईची धडधड.
ती डोळा उघडते, खालून वर,
आणि मला बघून पुन्हा मिटते.
टिबू, मी म्हणते. कुणाला बोलवायला नाही.

दगड उचलते, पेपर बदलते.
आजचा टाकते, न वाचलेला.
शेडचं दार ओढून कडी लावते,
मग खुराड्याची पुन्हा एकदा तपासते,
मग पुन्हा शेडची.
उत्तरेला उजेड मावळला नव्हताच,
आता फक्त कूस बदलतोय.
साडेतीनला या सगळ्या बाहेर येण्यासाठी ओरडतील.