मग?

सेलूला, रेल्वे फाटकाच्या अलीकडं
चाऊस उस्तादांचं रिवायंडिंगचं दुकान.
पाटी नव्हती. वार्निशचा वास फाटकापर्यंत यायचा,
गिऱ्हाईक वासावर यायचं.

पहिल्याच आठवड्यात मी विचारलं,
उस्ताद, मोटार नुसती गुणगुणती, फिरत नाही. काय करू?
ते तांब्याच्या तारेचे वेढे मोजत होते.
मान वर न करता म्हणाले,
मग?

मी पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं,
बहिऱ्याला सांगतात तसं.
मग?

लै राग यायचा त्या दोन अक्षरांचा.
घरी येऊन आईला म्हणालो,
म्हातारा शिकवीत नाही, सगळा इल्म कबरीत घेऊन जाईल.
आई म्हणाली,
डबा तसाच वापस आणलास की रे.

मग हळूहळू मी नुसतं दुखणं न्यायचं सोडलं.
फ्यूज बदलला उस्ताद, तरी गुणगुणती.
मग?
सिरीज दिवा लावला. दोन फेजला पेटतो, तिसऱ्याला नाही.
मग?
मग मीच गप्प झालो,
कारण तिसरी वायर माझ्याच चिमटीत होती,
वरून धडधाकट, आतून तुटलेली.
उस्तादांनी पोऱ्याला हाक मारून चहा सांगितला.
दोन.

वालूरच्या गिरामांची मोटार रात्री शहाण्यासारखी चालायची,
दिवसपाळीला लाईट आली की दुपारी पडायची.
तीन चकरा झाल्या. पेट्रोल माझं.
शेवटी म्हटलं आता विचारायचंच,
पण 'मग?'ला जागाच ठेवायची नाही.
तारेच्या बंडलाचा पुठ्ठा घेतला, पेन्सिलीनं लिहीत गेलो:
करंट बरोबर. व्होल्टेज बरोबर. रिले नवा.
रात्री आठ तास, काही तक्रार नाही.
दिवसा, बाराच्या पुढं, वीस मिनिटांत

आणि पेन्सिल तिथंच थांबली.
बाराच्या पुढं.
पत्र्याची पेटी. तोंड मावळतीला. एप्रिल महिना.
त्या पेटीवर मी एकदासुद्धा
हात ठेवून पाहिला नव्हता.
रिलेला काय कळतंय मोटार तापली का ऊन तापलं.

दुसऱ्या दिवशी पेटीवर तुराट्यांचा झाप बांधला.
गिराम म्हणाले, एवढंच व्हतं व्हय?
पैसे द्यायला त्यांना जड गेलं.
पुठ्ठा उस्तादांना दाखवायची लै हौस होती,
पण त्यात आता सवालच उरला नव्हता.

आता दुकानात मी बसतो.
दिवसभर फोन येतात, दादा, चालत नाही, अर्जंट.
काय चालत नाही, ते सांगायच्या आधी कट.
आयटीआयची सम्यका शिकायला येते.
परवा तिनं विचारलं, अन् माझ्या जिभेवर तेच आलं.
गिळलं.
म्हटलं, बस. काय काय पाहिलंस ते सांग.
तिनं मोजून चार गोष्टी सांगितल्या,
पाचवी सांगता सांगता उठून गेली मोटारीकडं.
चहा गार झाला तिचा.

तिला एक गोष्ट अजून सांगितलेली नाही.

एकदा एक मोटार मी चार दिवस उघडून बसलो होतो.
वाइंडिंग, बेअरिंग, अर्थ, सगळं तपासलं,
सगळं उस्तादांपुढं ओळीनं मांडलं.
मग?
मग काही नाही उस्ताद. इथंच संपलं माझं.

त्यांनी तार खाली ठेवली. चष्मा काढला.
मोटारीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.
मेरे कू बी नै मालूम, म्हणाले,
आणि बाकड्यावर थोडं सरकले.

मी शेजारी बसलो.
फाटक पडलं, गाडी गेली, फाटक उघडलं.
दोघंही तिच्याकडंच बघत होतो.

ती मोटार पुढं भंगारात गेली.
काय झालं होतं तिला,
अजून कळलेलं नाही.