खाली एक टिंब, वर दोन

आधी चावी पूर्ण आत दाबलेली हवी.
ओढलेली असताना दांडी काढायची नाही,
हे दस्तगीर उस्तादांनी मला
मानेवर टपली मारून शिकवलं,
कन्ना चौकात, पत्र्याखाली, एप्रिलात,
पंखा बंद करून.
पंख्यानं स्क्रू उडतो,
आणि सोलापूरच्या धुळीत स्क्रू शोधण्यापेक्षा
नवीन घड्याळ परवडतं, म्हणायचे.

मशीन पालथं घ्या. भिंग डोळ्याला.
दांडीच्या शेजारी एक खळी असते,
राजगिऱ्याचा दाणा जेमतेम बसेल एवढी.
तिच्यावर चिमट्याचं टोक टेकवायचं.
दाबायचं नाही, टेकवायचं.
दांडी आपण होऊन हातात येते.

पंचवीस वर्षांत किती वेळा केलं, मोजलं नाही.
काल मल्लेशम चिप्पांच्या घड्याळावर चुकलो.

सिको फाइव्ह. मेहुण्यानं बहारीनहून आणलेलं.
त्याला चावी द्यावी लागत नाही,
हात हलला की पोटातलं वजन फिरतं
आणि स्प्रिंग भरत जाते.
अण्णांनी वार अरबीतच लावून घेतलेला.
अरबी येत नाही,
पण शनिवार ओळखू येतो:
खाली एक टिंब, वर दोन.
पगाराचा वार.

वीस वर्षं ते घड्याळ बांधून चार माग सांभाळले.
धागा तुटला की गाठ, कांडी संपली की नवी,
बारा-बारा तास;
घड्याळाला थांबायला सवडच नव्हती.

आता थांबतं. पहाटे तीनच्या सुमाराला, नेमानं.
महिन्यात तिसऱ्यांदा आणलं त्यांनी.
"तेल वाळलं असंल बघ," म्हणाले,
आणि उजव्या हातानं डावा हात उचलून
माझ्या काउंटरवर ठेवला,
चादरीची घडी ठेवावी तसा.
पट्टा मीच सोडला.

माझं लक्ष त्या हाताकडे.
चावी ओढलेली राहिली आणि मी दाबलं.
दांडी आली.
परत घातली तेव्हा खट्ट झालं नाही.
फिरवली तर नुसतीच फिरली,
ना काटे हलले, ना तारीख.
आतलं चाक जागा सोडून बसलं होतं.

मानेवर टपली बसल्यासारखं वाटलं.
उस्तादांना जाऊन नऊ वर्षं झाली.

मग काटे काढा, डायल काढा.
डायलखाली एकतीसच्या एकतीस तारखा
पंगतीला बसल्यासारख्या, गोल.
अण्णा वाकून बघत होते.
"सगळ्या एकदमच असतेत व्हय आत?"
म्हटलं, हो.
"बिनपगाराच्या बी?"

चाक जागेवर सरकवलं.
दांडीचं अंग चौकोनी, चाकाचं भोकही चौकोनी;
सरळ रेटलं तर अडतं.
अर्धा आटा इकडे, अर्धा तिकडे,
अनोळखी घराची कडी वाजवावी तसं.
खट्ट.
काटे फिरले. तारीख फिरली.

तेल वाळलं नव्हतं.
हे मला पहिल्या खेपेलाच कळलं होतं,
आणि दोन्ही खेपांना मी तेलाचे पैसे घेतले होते.
म्हटलं, "अण्णा, उजव्या हाताला बांधत जा."
"त्येला आता दोघांचं काम हाय," म्हणाले,
"त्यात आन् घड्याळ कुठं?"

"आज राहू दे माझ्याकडं. चालवून बघतो."
पैसे काढायला लागले, तेव्हा मी
उगाच खालचा खण उघडून काहीतरी शोधलं.

दुकान बंद केल्यावर ते मनगटावर बांधलं
आणि सायकलनं विडी घरकुलापर्यंत आलो,
खड्डे न चुकवता.
जेवताना बायकोनं विचारलं, कुणाचं?
गिऱ्हाइकाचं, म्हटलं, आणि भाकरी जरा जास्तच चुरली.

पहाटे तीनला जाग आली.
दिवा लावला नाही, मोबाईलचा उजेड धरला.
सेकंद काटा चालत होता.
खिडकीत वार कूस बदलत होता,
इंग्रजी वर सरकलेलं, अरबी अजून पूर्ण यायचं;
मी हात हलवत बसून राहिलो
वरची दोन टिंबं दिसेपर्यंत.