तीन अक्षरं आणि एक टिंब

डंडी शहरात, कॅसल स्ट्रीटवर, दुसऱ्या मजल्यावर,
पिटकेथली वकिलांच्या कचेरीत
एल्स्पेथ गुथ्री पाकिटं टाइप करायची.
पहिल्याच दिवशी क्रॉलसाहेबांनी बजावलं:
नावाआधी मिस्टर, नाहीतर नावामागे एस्क्वायर.
दोन्ही कधीच नाही.
एका डोक्यावर कुणी दोन टोप्या घालतं का, मिस गुथ्री?

एस्क्वायर पूर्ण लिहायचं नसतं.
ई, एस, क्यू. मग टिंब.
टिंब राहिलं तर पाकीट परत.

कुणाला लावायचं, त्याची यादी ड्रॉवरमध्ये,
क्रॉलसाहेबांच्या तिरप्या अक्षरात.
गिरणीमालक. बँकेचे मॅनेजर.
ज्यांच्याकडे जमीन आहे ते,
आणि जमीन जाऊन नुसतं आडनाव उरलं तेही.
एक कर्नल, वारलेला, अजून खोडायचा राहिलेला.
बाकीचे मिस्टर.
आणि घर खाली करा अशी नोटीस ज्यांना जायची
ते नुसतेच: नाव, गल्ली, जिना, मजला.

एकदा तिने विचारलं, या शब्दाचा अर्थ काय हो?
क्रॉलसाहेबांनी चष्मा पुसला.
सरदाराची ढाल वाहणारा पोऱ्या.
फार जुनी गोष्ट. आता कुठली ढाल!
घोडा विकला तरी खुंटा राहतो,
तसा शब्द राहिला, एवढंच.

(आपले आजोबाही पाकिटावर रा. रा. लिहीत.
त्यातल्या किती जणांना राजाने मान दिला होता?)

तिचे वडील, वॉल्टर, अठराचे झाले
त्याच आठवड्यात तागाच्या गिरणीने त्यांना काढलं.
पोराचा पगार थांबवून पुरुषाचा द्यावा लागला असता.
बाया स्वस्त पडत.
आई मागावर, वडील घरी.
अशा पुरुषांना त्या गावात केटलवाले म्हणत,
बायको यायच्या वेळी चहाचं आधण ठेवणारे,
आणि म्हणताना हसत.
भोंगा झाला की चढावरच्या खिडक्या
एकामागून एक वाफेने धूसर होत.

नोव्हेंबरात नोटिसांचा गठ्ठा आला.
अकरावं नाव: गुथ्री, डब्ल्यू., तिसरा जिना.
भाडं थकलेलं, सहा आठवडे.
आई बोलली नव्हती.
एल्स्पेथने कागद चढवला.
मजकुरात कानामात्रा बदलला नाही.
चौदा दिवस म्हणजे चौदाच दिवस.
पण वर, पत्त्याच्या ओळीत, आणि पुन्हा पाकिटावर:
वॉल्टर गुथ्री. स्वल्पविराम.
ई. एस. क्यू.
टिंब इतकं जोरात आपटलं की कागदाला भोक पडलं.

पोस्टमन खालूनच ओरडला,
काय रे वॉल्टर, हे कधीपासून?
वडिलांनी हात पुसले, पाकीट कडांनी धरलं.
दिवसभर ते घड्याळाला टेकून उभं होतं, न फोडलेलं.
आई सव्वासहाला आली, केसांत तागाचा भुसा.
सुरी घेतली.
वडील म्हणाले, आतलं नंतर.
आधी बाहेरचं वाच.
तिने वाचलं. उभ्या उभ्या. वेळ लावून.
हसली नाही.

नोटीस केटलखाली गेली; कोळसा ओला होता.
पाकीट नाही गेलं.

कार्बन प्रतीत सापडलंच.
हे नाव यादीत नाही, मिस गुथ्री.
ढाल आहे त्यांच्याकडे, साहेब, ती म्हणाली.
तोटीची.
एक शिलिंग कापला गेला.
पण क्रॉलसाहेबांनी ती प्रत बदलायला लावली नाही;
का, ते त्यांनाच ठाऊक.

डिसेंबरात घर सोडलं.
हातगाडीवर पलंग, टब, घड्याळ,
आईचा रविवारचा कोट.
केटल मात्र वडिलांनी गाडीवर ठेवू दिली नाही.
दोन्ही हातांनी छातीशी धरून
ते पुढे चालत होते,
बर्फाळ पाऊस तिच्यावर ताडताड वाजत होता.
आत ते पाकीट, कोरडं.