अस्सल बरहुकूम

रविवारी कचेरी बंद.
मी सायकल काढते.
कॅरिअरला शीट नंबर चारची नक्कल,
मीच काढलेली,
आणि रुमालात फल्लीचे भाजलेले दाणे.

परकोटाच्या दरवाजातून निघताना
वर पाहायची सवय लागली आहे :
दगडी सिंह, त्याच्या पंजांखाली चार हत्ती,
हत्ती एवढाले की उंदीर वाटावेत.
एकाच्या सोंडेला केबलची वायर गुंडाळलेली.
खाली सावलीत फुलवंता झिंगे विकते,
त्यातला एखादा उडी मारून
इतिहासात पडतो, ती उचलून परत टोपल्यात टाकते.

मी अकोल्याकडची. काळ्या मातीत
पाणी खोल असतं, दिसत नाही.
इथं ते माझ्या सोबतीनं चालतं,
नहरीच्या पाळीवरून मी, खालून ते,
आणि बांध्यांमधे उभे बगळे
आम्हा दोघांकडेही पाहत नाहीत.

किलोमीटरचे दगड मोजते. चार, पाच, सात.
सहा नाही.

नकाशावर नऊपासून चौदापर्यंत
नहर पट्टीनं मारलेली रेघ आहे.
जमिनीवर मात्र बाराच्या पुढं
ती कूस बदलल्यागत डावीकडे सरकते,
वीस-बावीस पावलं,
आणि पुन्हा सरळ, जसं काही झालंच नाही.

अंताराम वलथरेला विचारलं. पाटकरी.
गेटाचं हँडल कुऱ्हाडीसारखं खांद्यावर.
पहिल्या रविवारी म्हणाला,
"खडक लागला असन जी."
दुसऱ्या रविवारी,
"सायेब पिऊन होता म्हनतेत."
तिसऱ्या रविवारी बोललाच नाही.
हँडल झुडपात लपवलं
आणि जंगलात शिरला.

येन, धावडा, बिजा.
हजेरी घेतल्यासारखी नावं घेत तो पुढं,
एका बुंध्यापाशी गप्प झाला,
वरचं झाड नव्हतं.
ओल्या मातीत बिबट्याचा पाय,
खळग्यात पाणी, पाण्यात एक मुंगी.
"रातचा आहे. आता झोपला तो.
तुमीच नका आवाज करू."

मग दगड.
गुडघ्याएवढे, काही कमरेएवढे,
गोल धरून बसलेले,
पंगत मांडून वाढपी विसरला असावा तसे.
मी मोजले, अठ्ठावीस.
उलटे मोजले, सत्तावीस.
मधे मोहाचं एक रोपटं, चार पानांचं.
मी पुस्तकातलं सांगू लागले,
लोखंड नुकतं सापडलेली माणसं, त्यांची पुरणं, हजारो वर्षं…
तो ऐकत होता, पायातला काटा काढत.

"माह्या मायनं इथं माती फेकली," म्हणाला.
"रोजी तीन रुपये.
नहर सरळ येऊन रायली होती, ह्या गोलातून.
बाया टोपले पालथे घालून बसल्या.
सायेब म्हने, हे देव नोहे.
बाया म्हनल्या, देव कोन म्हनते? मानसं होत.
तीन दिवस बसल्या जी.
अशाच. गोल."

"किती जणी?"

"सत्तावीस का अठ्ठावीस.
माय दरवेळी येगळं सांगे."

परतताना त्यानं गेट दोन आटे उघडलं.
पाणी वळणापाशी जरा फुगलं,
कडेचा पळसाचा पाला फिरवून पुढं गेलं.
"सहाचा दगड कुठं आहे, ते नाई इचारलं तुमी."
मी विचारलं नाही.
त्याच्या घराची पायरी मला ठाऊक आहे,
अक्षरांची बाजू खाली आहे, एवढंच.

सोमवारी खिडकीवर एक माणूस,
अर्जाला तिकीट लावून. शीट नंबर चार.
मी पट्टी धरली.
नऊपासून चौदापर्यंत रेघ ओढली,
बाराशी पेन्सिल थांबली नाही,
थांबली असती तर टोक मोडलं असतं.
शिक्का मारला : अस्सल बरहुकूम नक्कल.

त्यानं कागद उजेडात धरला, खूप वेळ.
"लय सरळ आहे जी," म्हणाला.

मी म्हटलं, कागद आहे.