एक पान जास्तीचं

तोर्शहाव्नच्या बंदरात, बोटीच्या तिकीट-कचेरीमागे
रानवा एकटीच बसलीय. पहाटेचे अडीच.
बाहेर वारा असा, की दाराला खुर्ची लावून ठेवलीय.

गेल्या शुक्रवारी सर्व्हर पडला.
सुदुरोयच्या बोटीवर एकशे बारा माणसं, चाळीस मोटारी,
कुणाच्या तरी लग्नाचा तीन मजली केक,
आणि यादीत एकाचंही नाव नाही.
पडला तो पडला, मागे चिठ्ठीसुद्धा ठेवली नाही.

कारण एका छोट्या चौकोनात सापडलं.
पेज फाइल: शून्य.
हॉग्नीनं घातलेलं शून्य, निवृत्त व्हायच्या आधीचं.
"चौसष्ट जीबी रॅम आहे, पोरी.
डिस्कवर जाणं म्हणजे
चिमूटभर मिठासाठी शेजारच्या बेटावर जाणं."
खोटं नव्हता बोलत.
फक्त त्याच्या वेळी बोटी तीनच होत्या.

रानवाच्या आईच्या घरामागे
फटीफटीच्या फळ्यांची एक खोली आहे.
तिथं मेंढीचं मांस वाऱ्यावर टांगतात,
स्वयंपाकघरात मावत नाही ते सगळं तिथं.
लागलं की बूट चढवायचे, टॉर्च घ्यायची,
वाऱ्याशी भांडत जायचं आणि आणायचं.
दिवसातून दहा खेपा व्हायला लागल्या
तर समजायचं, स्वयंपाकघर लहान पडतंय.
म्हणून ती खोली कुणी पाडत नाही.

ती आकडा टाइप करते. खोडते.
जुनी पुस्तकं सांगतात रॅमच्या दीडपट,
पण ती रॅम सोन्याच्या भावानं मिळायची तेव्हाची.
ती आलेख बघते, गर्दीच्या शुक्रवारचं टोक,
आणि त्यावर थोडं.
कमीत कमी, जास्तीत जास्त, दोन्हीकडे एकच आकडा;
ऐन गर्दीत भिंती सरकवत बसायला नको.
सी ड्राइव्हवर वेगळी जागा,
पुन्हा पडलाच, तर शेवटचे शब्द लिहायला.

(रानवाला ठाऊक नाही,
आमच्याकडे वहीत असतं तेही पान
आणि जेवणाऱ्यासाठी मांडतात तेही.
पाहुणा येवो न येवो,
शहाणं घर एक जास्तीचं मांडून ठेवतं.)

रिस्टार्ट.
काळा पडदा. हातातली कॉफी हातातच.
सकाळी हॉग्नीला फोन करावा का?
करेल. हवापाण्याचं विचारेल.
शून्याचं नाही काढणार.

लॉगिनची चौकट उगवते.
दाराजवळची खुर्ची
वाऱ्यानं बोटभर आत ढकललीय.